विश्लेषण : आसामच्या चहामळ्यांतील आदिवासी मजुरांची ‘गिरमिट’ उजेडात आणणारे द्वारकानाथ गांगुली कोण होते?

सत्यजित राय यांच्या आजीचे वडील आणि भारतातील पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या कादंबिनी गांगुली यांचे पती, एवढीच द्वारकानाथ गांगुली यांची ओळख बंगालबाहेर आहे. पण १८८६ मध्ये या शिक्षक-पत्रकाराने आसामच्या चहामळ्यांत जाऊन एक असा विषय उजेडात आणला, ज्याकडे तोवर सुशिक्षित समाजाचे फारसे लक्ष नव्हते. छोटा नागपूर आणि संथाळ परगण्यातून हजारो आदिवासी मजूर शेकडो मैल दूर नेले जात होते. तिथे त्यांना पुरेसे अन्न नव्हते, शुद्ध पाणी नव्हते, औषध नव्हते आणि काम सोडून जाण्याचा अधिकारही नव्हता. काय होती ही व्यवस्था, द्वारकानाथ यांनी नेमके काय केले आणि त्यातून काय बदलले, याविषयी…

द्वारकानाथ यांची जडणघडण कशी झाली?

द्वारकानाथ यांचा जन्म २० एप्रिल १८४४ रोजी ढाका जिल्ह्यातील विक्रमपूर परगण्यात झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. त्यांचे घराणे कुलीन ब्राह्मणांचे. त्या काळी बंगालमधील कुलीन पुरुष अनेक लग्ने करत. बायका माहेरीच राहत आणि नवरा वर्षा-दोन वर्षांतून एकदा येई. अशाच एका कुलीन घरातील तरुण स्त्रीला तिच्या नातेवाईकांनीच विष देऊन मारल्याची घटना द्वारकानाथ यांच्या कानावर आली, तेव्हा ते जेमतेम १७ वर्षांचे होते. आपण एकापेक्षा अधिक विवाह करणार नाही आणि या प्रथेविरुद्ध लढू, असे त्यांनी तेव्हाच ठरवले.

शालेय शिक्षण फारसे पुढे गेले नाही. फरीदपूर जिल्ह्यातील एका खेड्यात ते शिक्षक झाले आणि तिथूनच १८६९ मध्ये त्यांनी ‘अबलाबांधव’ हे नियतकालिक सुरू केले. स्त्रियांच्या प्रश्नांना वाहिलेले हे बंगालीतील सुरुवातीच्या नियतकालिकांपैकी एक. त्यात उपदेशापेक्षा घटनांची माहिती असे. कोणत्या गावात कोणावर काय अन्याय झाला, हे नावानिशी आणि तपशिलाने सांगण्याची त्यांची पद्धत पुढे आसामातही कामी आली. वर्षभरात ते कलकत्त्यात आले आणि ब्राह्मो समाजातील तरुण सुधारकांच्या गटात सामील झाले.

कादंबिनी यांच्याशी असलेले नाते महत्त्वाचे का?

कलकत्त्यात द्वारकानाथ यांनी मुलींच्या उच्च शिक्षणाचे काम हाती घेतले. १८७३ मध्ये ब्रिटिश शिक्षिका ॲनेट ॲक्रॉइड यांच्या पुढाकाराने सुरू झालेले हिंदू महिला विद्यालय आणि ते बंद पडल्यावर १८७६ मध्ये निघालेले बंग महिला विद्यालय या दोन्हींत त्यांचा सहभाग होता. पुढे ही शाळा बेथून शाळेत विलीन झाली. तिथल्या कादंबिनी बसू या विद्यार्थिनीला विद्यापीठाच्या परीक्षेला बसू द्यावे, यासाठी द्वारकानाथ यांनी पाठपुरावा केला. कादंबिनी १८७८ मध्ये प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि पुढे चंद्रमुखी बसू यांच्यासह त्यांना कलकत्ता विद्यापीठाची पदवी मिळाली.

जून १८८३ मध्ये द्वारकानाथ आणि कादंबिनी यांचा विवाह झाला. पहिल्या पत्नीच्या निधनानंतरचा हा त्यांचा दुसरा विवाह होता. वयात बरेच अंतर होते आणि वधू त्यांचीच विद्यार्थिनी होती, त्यामुळे ब्राह्मो समाजातील अनेक मित्रही नाराज झाले. लग्नानंतर कादंबिनी यांनी कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर म्हणून बाहेर पडल्या. त्याच वर्षी मार्च महिन्यात आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेत एम.डी. पदवी मिळाली होती. पत्नीने वैद्यकीय व्यवसाय सुरू केला त्याच वर्षी पती, डॉक्टरच पोहोचत नाही अशा चहामळ्यांत माणसे कशी मरतात, हे पाहायला निघाले.

चहामळ्यांना बाहेरून मजूर का आणावे लागले?

आसामात चहाची व्यापारी लागवड १८३९ मध्ये आसाम कंपनी स्थापन झाल्यावर वाढली आणि १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिला उधाण आले. जंगल तोडायचे, जमीन साफ करायची, रोपे लावायची आणि पाने खुडायची, या कामांना प्रचंड मनुष्यबळ लागे. आसामातील शेतकऱ्याकडे स्वतःची जमीन होती. अल्प मजुरीवर, सक्तीच्या शिस्तीत वर्षभर राबायला तो तयार नव्हता. त्यामुळे मळेवाल्यांनी दूरच्या, गरीब प्रदेशांकडे मोर्चा वळवला.

छोटा नागपूरचे पठार आणि संथाळ परगणा हे त्यातले मुख्य प्रदेश. तिथल्या मुंडा, उरांव, संथाळ, खडिया आदी जमातींच्या जमिनी जमीनदार आणि सावकारांच्या घशात जात होत्या. जंगलावरचा हक्क आक्रसत होता, वेठबिगार माथी मारली जात होती आणि मधूनच दुष्काळ पडत होता. पोट भरण्यासाठी घर सोडणे, हाच अनेकांपुढचा मार्ग होता. जंगल तोडण्याची सवय असलेला आणि आसामच्या हवेत इतरांपेक्षा टिकणारा मजूर म्हणून मळेवाल्यांची पसंतीही आदिवासींनाच असे. अशा मजुरासाठी दलालाला जास्त पैसे मिळत. सरकारी अहवालांत या सर्वांची नोंद आसामात आलेले स्थलांतरित मजूर अशी होई. बोलण्यात मात्र सगळ्यांना एकच शब्द होता, ‘कुली’.

भरती कशी केली जात असे?

या व्यवस्थेचा कणा होता गावोगाव फिरणारा दलाल. त्याला ‘अरकाटी’ म्हणत. जत्रेत, आठवडी बाजारात, दुष्काळी गावात तो लोकांना गाठे. काम हलके आहे, पगार भरपूर आहे, जमीन मिळेल, हवे तेव्हा परत येता येईल, अशी आश्वासने दिली जात. आसाम किती दूर आहे, याची कल्पना बहुतेकांना नसे. घरात भांडण झालेल्या बायका, एकटी मुले, कर्जबाजारी तरुण हे दलालांचे सोपे सावज असत. काहींना तर फूस लावून पळवून नेले जाई.

दलालाच्या हातून मजूर कंत्राटदाराच्या डेपोत जाई, तिथून रेल्वेने गोआलंदोला आणि पुढे बोटीने ब्रह्मपुत्रेतून वर. बोटीवर माणसे दाटीवाटीने कोंबलेली असत. पिण्यासाठी नदीचे पाणी, स्वच्छतेची सोय नाही. अशा वेळी एकाला पटकी झाली की बोटभर पसरे. मळ्यावर पोहोचण्याआधीच अनेकांचा मृत्यू होई. १८६३ च्या मे महिन्यापासून १८६५ च्या अखेरपर्यंत सुमारे ८५ हजार मजूर मळ्यांकडे नेण्यात आले. जून १८६६ अखेर त्यांतील जेमतेम ५० हजार उरले होते. बाकीचे ३५ हजार एक तर मरण पावले होते किंवा पळून गेले होते. ही आकडेवारी कोणा आंदोलकाने मांडलेली नसून सरकारी नोंदींतली होती.

मग कायदा काय करत होता?

कायदे होते, पण त्यांची दोन तोंडे होती. १८६३ च्या कायद्याने भरतीसाठी परवाना आणि मजुरांची वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. १८६५ च्या कायद्याने किमान मजुरी ठरवली. पुरुषाला महिन्याला ५ रुपये, स्त्रीला ४ रुपये. दिवसाचे काम ९ तासांचे, आठवड्यातून एक सुटी आणि मळ्यावर उपचारांची सोय, अशाही तरतुदी होत्या. पण त्याच कायद्याने मळेवाल्याला एक विलक्षण अधिकार दिला. करार मोडून पळालेल्या मजुराला तो वॉरंटशिवाय स्वतः पकडू शकत होता.

१८८२ च्या कायद्याने कराराची कमाल मुदत ५ वर्षे केली. करार मोडणे हा दिवाणी वाद नसून फौजदारी गुन्हा होता. काम नाकारले किंवा पळ काढला तर तुरुंग, आणि सुटल्यावर पुन्हा तोच मळा. शिवाय कायद्याबाहेरची ‘मुक्त’ भरतीही याच कायद्याने मान्य केली. त्यामुळे मजुरांना कोणत्याही तपासणीविना धुबरीपर्यंत आणायचे आणि आसामच्या त्या वेशीवर, परतीचा रस्ता बंद झाल्यावर, करारावर अंगठा घ्यायचा, अशी पळवाट निघाली. याच्या जोडीला १८५९ चा करारभंगाचा कायदाही होताच. कराराला इंग्रजीत ‘ॲग्रीमेंट’ म्हणत. मजुरांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले.

मळ्यांवर आरोग्याची आणि मूलभूत गरजांची स्थिती कशी होती?

सगळ्या दुखण्यांचे मूळ मजुरीच्या पद्धतीत होते. ५ रुपये कागदावर महिन्याचे असले तरी प्रत्यक्षात रोज ठरावीक काम पूर्ण केले तरच हजेरी लागे. किती जमीन खणायची, किती पाने खुडायची हे व्यवस्थापक ठरवी. काम अपुरे राहिले की मजुरी कापली जाई. आजारी मजूर काम पूर्ण करू शकत नसे, म्हणून पैसे मिळत नसत. पैसे नसल्याने पोटभर खायला मिळत नसे आणि उपाशी शरीराला पुढचा आजार लवकर गाठी. त्याच आसामात रस्ते आणि रेल्वेच्या कामांवर मोकळ्या मजुराला यापेक्षा जास्त मजुरी मिळत होती, पण करारबद्ध मजूर तिकडे जाऊ शकत नव्हता.

राहण्यासाठी ‘लाइनी’ असत. ओल्या जमिनीवर एकाला एक लागून बांधलेल्या झोपड्या. पाणी ओढ्याचे किंवा उघड्या विहिरीचे. शौचाची सोय नसल्याने तेच पाणी दूषित होई. हिवताप, हगवण आणि पटकी हे नेहमीचे पाहुणे होते. त्यात काळा आजार पसरू लागला. अनवाणी चिखलात राबणाऱ्या मजुरांना अंकुशकृमींची लागण होई आणि अंगातले रक्त कमी होऊन ते सुजत. या आजाराचे मूळ कृमींत असल्याचे जी. एम. जाइल्स या लष्करी डॉक्टरने १८९० च्या अहवालात मांडले. तोवर अशा मजुराला कामचुकार समजले जाई.

स्त्रियांची स्थिती आणखी बिकट होती. बाळंतपणाच्या आधी शेवटपर्यंत आणि नंतर लगेच कामावर जावे लागे. नाहीतर हजेरी बुडे. तान्ही मुले मळ्याच्या कडेला ठेवून आया पाने खुडत. मुले मोठ्या प्रमाणात दगावत. ज्या मळ्यावर वर्षाला १०० पैकी सातहून अधिक मजूर मरतात तो मळा ‘अनारोग्यकारक’, अशी सरकारची व्याख्या होती. म्हणजे सातापर्यंतचे मृत्यू दखल घेण्याजोगे मानलेच जात नव्हते.

१८८६ मध्ये द्वारकानाथ यांनी काय केले?

१८७६ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आनंदमोहन बोस यांनी ‘भारत सभा’ स्थापन केली होती. द्वारकानाथ तिचे सहायक सचिव होते. १८८३ मध्ये सुरू झालेल्या ‘संजीवनी’ या बंगाली साप्ताहिकाशीही ते जोडलेले होते. ब्राह्मो प्रचारक रामकुमार विद्यारत्न आसामात फिरून आले आणि त्यांनी तिथल्या मजुरांविषयी लिहायला सुरुवात केली. त्याआधी १८८४ मध्ये मळ्याकडे नेल्या जाणाऱ्या एका मजूर स्त्रीच्या मृत्यूचे प्रकरण गाजले होते. तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप असलेला गोरा इसम १०० रुपयांच्या दंडावर सुटला होता. वातावरण तापलेले होते, पण मळेवाले सगळे आरोप अतिरंजित ठरवत होते. प्रत्यक्ष पाहणीशिवाय पर्याय नव्हता. भारत सभेने हे काम द्वारकानाथ यांच्यावर सोपवले.

चहामळा म्हणजे खासगी राज्यच होते. परक्याला आत प्रवेश नसे आणि मजुरांशी बोलताना कोणी दिसला तर त्याची खैर नसे. द्वारकानाथ यांनी वेश बदलून, पायी आणि बोटीने हा प्रवास केला, असे त्यांच्या चरित्रांत नोंदवलेले आहे. वाटेवरचे डेपो, बोटींचे धक्के, मळ्यांच्या लाइनी, न्यायालये अशी त्यांची पाहणी होती. मजुरांकडून, मळ्यावरच्या कारकुनांकडून, स्थानिक वकिलांकडून त्यांनी माहिती जमवली.

१८८६-८७ मध्ये सुरेंद्रनाथांच्या ‘बेंगाली’ या इंग्रजी पत्रात त्यांची लेखमाला प्रसिद्ध झाली, तर ‘संजीवनी’तून हा विषय बंगाली वाचकांपर्यंत गेला. फसवून केलेली भरती, मारहाण, कोंडून ठेवणे, स्त्रियांची विटंबना, आजाऱ्यांना सक्तीने कामावर लावणे आणि मळेवाल्यांकडे पाहुणचार घेणारे मॅजिस्ट्रेट, हे सर्व त्यांनी प्रकरणांच्या तपशिलासह मांडले. या व्यवस्थेला त्यांनी सरळ गुलामगिरी म्हटले. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने संपल्याचा अभिमान बाळगणाऱ्या सरकारला हा शब्द झोंबणारा होता.

काँग्रेसने हा प्रश्न सुरुवातीला का घेतला नाही?

१८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. मळा मजुरांच्या प्रश्नावर ठराव व्हावा, असा बंगालच्या प्रतिनिधींचा प्रयत्न होता. पण हा एका प्रांताचा प्रश्न आहे, राष्ट्रीय व्यासपीठावर तो घेता येणार नाही, असे सांगून तो बाजूला ठेवण्यात आला. वास्तविक मजूर एका प्रांतातून पकडले जात आणि दुसऱ्या प्रांतात राबवले जात. त्यांना बांधून ठेवणारा कायदा तर केंद्रीय होता.

त्यानंतर बंगालच्या कार्यकर्त्यांनी वेगळा मार्ग काढला. १८८८ मध्ये कलकत्त्यात बंगाल प्रांतिक परिषद भरली आणि तिथे हा प्रश्न चर्चेला आला. द्वारकानाथ आणि सिल्हेटचे बिपिनचंद्र पाल हे त्यात आघाडीवर होते. काँग्रेसने या विषयावर ठराव केला तो १८९६ च्या कलकत्ता अधिवेशनात, म्हणजे द्वारकानाथ यांच्या आसाम दौऱ्यानंतर दहा वर्षांनी.

काँग्रेसला आणखी एका बाबतीत त्यांनी मागे लागून बदलायला लावले. प्रतिनिधी म्हणून स्त्रियांनाही स्थान हवे, असा त्यांचा आग्रह होता. १८८९ च्या मुंबई अधिवेशनात प्रथमच महिला प्रतिनिधी सहभागी झाल्या. त्यांत पंडिता रमाबाई होत्या आणि कादंबिनी गांगुलीही होत्या.

सरकारवर काही परिणाम झाला का?

झाला, पण तो अपुरा होता. वृत्तपत्रांतील टीका आणि भारत सभेचा पाठपुरावा यांमुळे सरकारला १८८२ च्या कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घ्यावा लागला. १८८६ ते १८८९ या काळाचा विशेष अहवाल १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. १८९३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कराराची मुदत ५ वर्षांवरून ४ वर्षांवर आली. फौजदारी शिक्षा आणि मळेवाल्याचा अटकेचा अधिकार मात्र तसाच राहिला.

पुढे आसामचे मुख्य आयुक्त हेन्री कॉटन यांनी मजुरांची मजुरी वाढवावी, यासाठी सरकारी पातळीवरून प्रयत्न केले. ५ रुपयांचा दर १८६५ पासून जवळपास तसाच होता. १९०१ च्या कायद्यात वाढ मान्य झाली खरी, पण मळेवाल्यांच्या दबावामुळे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी ती दोन वर्षे पुढे ढकलली. कॉटन निवृत्त होऊन मायदेशी परतले. याच कॉटन यांना काँग्रेसने १९०४ मध्ये मुंबई अधिवेशनाचे अध्यक्षपद दिले.

द्वारकानाथ यांची अखेरची वर्षे कशी होती?

घरात कादंबिनी यांचा वैद्यकीय व्यवसाय आणि मोठे कुटुंब, बाहेर ब्राह्मो समाज, भारत सभा आणि पत्रकारिता, असे त्यांचे जीवन होते. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या पत्नीमुळे त्यांना टीकाही सहन करावी लागली. ‘बंगवासी’ या सनातनी पत्राने कादंबिनी यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, तेव्हा पती-पत्नींनी न्यायालयात धाव घेतली आणि संपादकाला सहा महिन्यांची कैद झाली. स्त्रीची बदनामी ही गप्प बसून सोसायची गोष्ट नाही, हे त्यांनी स्वतःच्या घरापासून दाखवून दिले.

२७ जून १८९८ रोजी द्वारकानाथ यांचे निधन झाले. तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. चहामळ्यांतील गिरमिट तेव्हा पूर्ण जोरात होती. त्यांच्या पश्चात कादंबिनी यांनी कामगारांचा विषय सोडला नाही. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या सत्याग्रहाला पाठिंबा देण्यासाठी त्यांनी १९०८ मध्ये कलकत्त्यात सभा घेतली. १९२२ मध्ये, मृत्यूच्या एक वर्ष आधी, कवयित्री कामिनी राय यांच्यासह त्या बिहार-ओरिसातील कोळसा खाणींत राबणाऱ्या स्त्रियांची स्थिती पाहायला गेल्या. त्यांतही आदिवासी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या.

त्यांच्या कामाच्या मर्यादा कोणत्या?

द्वारकानाथ यांनी मजुरांविषयी लिहिले, पण ते इंग्रजी आणि बंगाली वाचणाऱ्यांसाठी. मजुरांना संघटित करण्याचा प्रयत्न त्या काळात झाला नाही. मळ्यांवरचे कारकून आणि हिशेबनीस बहुधा बंगालीच असत आणि मजुरीची कपात त्यांच्याच वहीत लिहिली जाई. काही मळे भारतीयांच्या मालकीचेही होते. सुधारकांचा रोख मात्र प्रामुख्याने गोऱ्या मळेवाल्यांवर राहिला.

मजूर स्वतः गप्प होते, असेही नाही. पळून जाणे, काम थांबवणे, व्यवस्थापकाला घेराव घालणे हे सतत चालू होते. मे १९२१ मध्ये सुरमा खोऱ्यातील चरगोला भागातून हजारो मजूर बायकामुलांसह मळे सोडून पायी निघाले. चांदपूरच्या रेल्वे स्थानकावर अडकलेल्या या लोकांवर गुरखा शिपाई सोडण्यात आले आणि त्यानंतर छावणीत पटकीची साथ आली. पस्तीस वर्षांपूर्वी द्वारकानाथ यांनी वर्णिलेल्या बोटींचे चित्र पुन्हा दिसले, फरक एवढाच की या वेळी लोक मळ्यांकडे नव्हे तर घराकडे निघाले होते.

गिरमिट केव्हा संपली?

ती एका फटक्यात संपली नाही. मळेवाल्याचा अटकेचा अधिकार १९०८ मध्ये गेला. १९१५ मध्ये कंत्राटदारांकरवी होणारी भरती आणि १९०१ च्या कायद्याखालची करारबद्ध मजुरी बंद झाली. तरीही १८५९ च्या करारभंगाच्या कायद्याचा वापर चालूच राहिला आणि तो रद्द व्हायला १९२६ उजाडले. फिजी, मॉरिशसला जाणाऱ्या गिरमिटियांच्या प्रश्नावर गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये कायदे मंडळात ठराव मांडला होता आणि परदेशी पाठवणी १९१७ मध्ये थांबली. देशातल्या देशात चाललेली गिरमिट त्यानंतरही नऊ वर्षे तग धरून राहिली. समुद्र ओलांडून जाणाऱ्याचे दुःख लवकर दिसले, ब्रह्मपुत्रा ओलांडणाऱ्याचे दिसायला उशीर झाला.

आज या मजुरांच्या वंशजांची स्थिती काय?

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मळे कामगार कायदा झाला. घर, पिण्याचे पाणी, शौचालय, दवाखाना, पाळणाघर आणि मुलांचे शिक्षण ही मळ्याच्या मालकाची जबाबदारी ठरली. १८८६ मध्ये जे काही नव्हते, त्याची जणू यादीच या कायद्यात होती. पण या सोयी मिळणे आजही मळ्यागणिक बदलते. मजुरीचा काही भाग सोयींच्या रूपात दिला जातो, या कारणाने रोख मजुरी कमी ठेवली जाते आणि सोयी कागदावर राहिल्या की मजूर दोन्हीकडून नागवला जातो. मळ्यांवरील स्त्रियांमधील रक्तक्षय हा आसामच्या आरोग्य यंत्रणेपुढचा जुना प्रश्न आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार आसामातील माता मृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे १९५ होता. देशाचा दर ९७ असताना हा सर्व राज्यांत सर्वाधिक होता आणि चहामळ्यांचा पट्टा हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

दुसरा प्रश्न ओळखीचा आहे. मुंडा, उरांव, संथाळ या जमाती झारखंडमध्ये अनुसूचित जमाती आहेत. आसामात नेलेल्या त्यांच्याच भाऊबंदांचे वंशज मात्र ‘चहा जमाती’ म्हणून इतर मागासवर्गात मोडतात. चार-पाच पिढ्यांपूर्वी ज्या आदिवासीपणामुळे दलालाला जास्त पैसे मिळत होते, त्याच आदिवासीपणाची सरकारदरबारी नोंद व्हावी म्हणून आज त्यांना आंदोलन करावे लागते. द्वारकानाथ यांच्या लेखमालेला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. गिरमिट गेली, पण मळ्यावरच्या बाईला पुरेसे रक्त, लाइनीत स्वच्छ पाणी आणि कागदावर आपली खरी ओळख या तीन गोष्टी मिळणे अजून बाकी आहे.